दाजींचा प्रस्ताव

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला की आमच्या घरात आता कुणी दचकत नाही. इतक्या लवकर फोन करणारे एकच, आमचे सांगलीचे दाजी. सुरुवातही ठरलेली.

"पाव्हणं, एक विषय होता."

इतरांच्या घरी अडचणी येतात, भानगडी होतात. दाजींच्या घरी विषय असतात. गिझर बंद पडला, हा विषय. ताईचा गुडघा, हा विषय. शेजाऱ्यांच्या आंब्याची फांदी आपल्या पत्र्यावर आलीय, हा सात वर्षांपासूनचा प्रलंबित विषय. २८ वर्षं पाटबंधारे खात्यात काढलेल्या माणसाचं दुसरं काय होणार? खात्याचं नाव बदलून जलसंपदा झालं त्याला जमाना लोटला, दाजींच्या तोंडी अजून पाटबंधारेच. काखेत काळी रेक्झिनची पिशवी. तिच्यात पंच, टॅग, स्टॅम्प पॅड, कोरे कागद आणि कुठल्या तरी अर्जाच्या दोन प्रती. एक द्यायला आणि एक पोच घ्यायला. लग्नपत्रिका हातात दिली तरी दाजी आधी उलटीपालटी करून जावक क्रमांक शोधतात, असं ताई म्हणते.

त्या दिवशीचा विषय असा होता : "आपल्या पोरीला नामांकन पाहिजे."

झोपेत मला वाटलं, भाची निवडणुकीला उभी राहतेय. बारावीतली पोरगी, अजून मतदानाचंही वय नाही. मग उलगडा झाला. कॅनडात टोरंटो विद्यापीठाची एक शिष्यवृत्ती आहे, लेस्टर बी. पिअर्सन यांच्या नावाची. परदेशी मुलांसाठीच. चार वर्षांची फी, पुस्तकं, राहण्याचा खर्च, सगळं विद्यापीठाकडे. जगभरातून साधारण ३७ मुलं घेतात. पण मुलानं आपला आपण अर्ज टाकून भागत नाही. आधी शाळेनं त्याचं नाव पाठवायला लागतं, आणि एका शाळेला एकच नाव पाठवता येतं.

"एकच!" दाजींचा आवाज चढला. "कोयनेत १०५ टीएमसी पाणी आहे हो. पण सोडायला दरवाजाच एक ठेवला तर?"

हे सगळं त्यांनी आदल्या रात्री दीड वाजेपर्यंत बसून वाचलं होतं आणि टिपणी तयार केली होती. टिपणीला समास सोडला होता.

आता यातली गंमत कळायला दाजींचा पूर्वेतिहास माहीत हवा. दाजी चौथीच्या स्कॉलरशिपला बसलेले आणि मिळवलेले. आमच्या पिढीत स्कॉलरशिप म्हटलं की तीच. मराठी, गणित, बुद्धिमत्ता. घड्याळात किती वाजले आणि आरशात किती दिसतील. मध्यंतरी ती परीक्षा पाचवीला गेली, पण दाजींच्या हिशेबी 'चौथीची' हेच तिचं खरं नाव. महिन्याला किती पैसे मिळायचे तो आकडा दर दिवाळीला थोडा वाढतो. बदलत नाही ते पुढचं वाक्य : "कुणाच्या दारात उभा राहिलो नाही. कागद बोलला."

कागद बोलला पाहिजे, हे दाजींचं जीवनसूत्र. त्यांचं आराध्यदैवत चिंतामणराव देशमुख. १९१२ सालच्या मॅट्रिकला पहिले आले, जगन्नाथ शंकरशेट संस्कृत शिष्यवृत्ती घरी चालत आली, पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. "त्यांना कुणी विचारलं का, तुमच्यात नेतृत्वगुण आहेत का म्हणून?" वशिला, शब्द टाकणं, ओळख काढणं या गोष्टींचा दाजींना इतका तिटकारा की स्वतःच्या बदलीसाठी त्यांनी कधी कुणाला फोन केला नाही. परिणामी सलग नऊ वर्षं ते अशा ठिकाणी होते जिथे एसटी दिवसातून दोनदा यायची आणि त्यातली एक यायचीच असं नाही. ताईनं ती नऊ वर्षं अजून माफ केलेली नाहीत.

आणि हा माणूस आता पोरीसाठी शिफारस मागायला निघाला होता.

पहिली भेट प्राचार्यांची. दाजी इस्त्रीचा शर्ट घालून, भडंगाचा पुडा घेऊन गेले. ही लाच नव्हे, हे त्यांनी मला फोनवर तीनदा सांगितलं. "शिष्टाचार आहे. अर्ध्या किलोच्या आत शिष्टाचारच असतो." प्राचार्य सज्जन माणूस. त्यांनी भडंग घेतलं, टिपणी घेतली, चष्मा लावला आणि म्हणाले, "पिअर्सन म्हणजे ते पुस्तकवालेच ना? त्यांचा एजंट मागच्याच आठवड्यात येऊन गेला. आपल्याला गाईड नको म्हणून सांगितलंय."

दाजी तासभर बोलले. पिअर्सन हे कॅनडाचे पंतप्रधान, १९६३ ते १९६८. त्याआधी सुएझच्या भांडणात संयुक्त राष्ट्रांची फौज मध्ये घालायची कल्पना त्यांची, म्हणून १९५७ चं शांततेचं नोबेल. मॅपलच्या पानाचा झेंडा त्यांच्याच कारकिर्दीतला, १९६५ चा. टोरंटोच्या विमानतळाला नाव त्यांचंच. आणि मुख्य म्हणजे ते स्वतः शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिकलेले. हे शेवटचं सांगताना दाजींचा ऊर भरून आला, जणू पिअर्सनही चौथीला त्यांच्याच केंद्रावर बसले होते.

प्राचार्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बोनाफाईड पाहिजे का?"

बोनाफाईड देऊन ते मोकळे व्हायला बघत होते. एखाद्या पोरीबद्दल शाळेनं आपणहून कुणाला तरी चांगलं कळवायचं, अशी पद्धतच तिथे नव्हती. शाळा कळवते ती पालकांना, आणि ते वाईट असतं. त्यात नामांकन ऑनलाइन करायचं. शाळेला ई-मेल होता, पण तो उघडायचा लेखनिकाच्या मोबाईलवर, आणि लेखनिक मेहुणीच्या लग्नाला बार्शीला गेला होता. दाजींनी बार्शीला फोन लावला. मागून वरातीचा बँड वाजतोय आणि लेखनिक ओरडून पासवर्ड सांगतोय, "कॅपिटल जी! गणपतीचा जी!" असा तो संवाद दाजी अजून साग्रसंगीत करून दाखवतात. "विषय पुढं सरकला," असं त्या रात्री मला कळवण्यात आलं.

मग सुरू झालं ते माझ्या मते या जातीच्या माणसाचं खरं रूप. तुमच्याही नात्यात, शेजारात असे एक दाजी असतील, नीट आठवून बघा. कुठे 'सर्वांगीण विकास' हे दोन शब्द वाचले की त्यांना पोरांच्या अंगी कुठली कुठली अंगं कमी आहेत ते दिसायला लागतं. विद्यापीठाचं म्हणणं सरळ होतं. मूल हुशार हवं, कल्पक हवं, शाळेनं पुढारी म्हणून मानलेलं हवं, आणि शाळेवर, आजूबाजूच्या लोकांवर त्याच्यामुळे काही फरक पडलेला असावा. दाजींनी यातला 'फरक' लाल शाईनं अधोरेखित केला आणि फरक पाडायला घेतला. मुदत हातात तीन आठवडे.

पहिल्या रविवारी वृक्षारोपण. रोप एकच, खड्डे पाच. पोरगी एकेका खड्ड्यापाशी तेच रोप धरून उभी, दाजी मोबाईल आडवा धरून, आणि ताई पाण्याची झारी घेऊन चौकटीबाहेर. पाचव्या फोटोत रोपानं मान टाकलीय. दुसऱ्या रविवारी वृद्धाश्रम. तिथल्या आजोबांनी केळी घेतली आणि म्हणाले, "बारावीचं वर्ष ना? मग तीन आठवडे तुमच्यासारखे येत राहणार, नंतर परीक्षा." दाजी गप्प बसले. खोटं लिहिणारा माणूस नव्हे तो. बाहेर आल्यावर त्यांनी वृद्धाश्रम यादीतून खोडला आणि समासात सही केली.

एव्हाना फाईल ६४ पानांची झाली होती. बालवाडीतल्या लिंबू-चमच्यापासूनची प्रमाणपत्रं, सगळी लॅमिनेट केलेली. लॅमिनेशनवर ट्यूबलाइट चमकायची, त्यामुळे फोटोत मजकुराच्या जागी दाजींचा हात आणि मोबाईल उमटायचा. शेवटी दुपारी बारा वाजता गच्चीवर चादर धरून, उन्हाची तिरीप चुकवून, एकेक प्रमाणपत्र टिपण्यात आलं. रांगोळी स्पर्धा, उत्तेजनार्थ. दाजींनी शेजारी लिहिलं : 'सांस्कृतिक'.

पोरीच्या निबंधाचा विषय माझ्याकडे आला, कारण मी 'लिहितो'. दाजींनी आधी स्वतः एक मसुदा करून पाठवला होता. सुरुवात 'उपरोक्त विषयास अनुसरून'. मग इंग्रजीतला आला, 'आय हॅव द ऑनर टू सबमिट'. तिसऱ्या ओळीत पोरगी स्वतःबद्दल 'अर्जदार' म्हणत होती. मी जरा सैल करून दिला तर त्यांनी परत पाठवला, शेरा : 'भावना अधिक, पुरावे कमी. फेरसादर करणे.' माझ्या आयुष्यात संपादकांनी लेख परत पाठवलेत, पण इतक्या नेमक्या शब्दांत कुणी कारण दिलेलं नाही.

मी भाचीला वेगळा फोन केला. म्हटलं, "तुला जायचंय का गं?"

"जायचंय मामा. पण पप्पांना जास्त जायचंय."

"थंडीचं काय?"

"पप्पांनी थर्मल आणलेत."

"तुझ्यासाठी?"

"दोघांसाठी."

दुसऱ्या भेटीत दाजींनी हुकमाचं पान काढलं. प्राचार्यांसमोर बसून त्यांनी केळुसकर गुरुजींची गोष्ट सांगितली. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत एक मुलगा रोज वाचत बसायचा. कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी तो हेरला, त्याच्याशी बोलले, स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याला दिलं. पुढे सयाजीराव महाराजांकडे त्याच्यासाठी शब्द टाकला, कॉलेजच्या शिक्षणाला महिना २५ रुपये मिळवून दिले. तेच भीमराव १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. "सर, हा वशिला नव्हे," दाजी म्हणाले. हे ते प्राचार्यांना सांगत होते की स्वतःला, कोण जाणे. "शिफारस निराळी, वशिला निराळा. वशिल्यात माणूस दिसतो, शिफारशीत पोरगं दिसतं. तुम्ही आमचे केळुसकर व्हा."

प्राचार्य बराच वेळ पेपरवेट फिरवत राहिले. मग म्हणाले, "साहेब, केळुसकरांच्या बागेत एकच मुलगा होता. माझ्याकडे दोन अर्ज आलेत."

दाजींनीच शाळेच्या फलकावर त्या शिष्यवृत्तीची माहिती लावली होती. नियमानुसार. सर्वांना समान संधी मिळावी म्हणून, दोन प्रतीत.

दुसरा मुलगा बी तुकडीतला. वडील हळदीच्या पेढीवर दिवाणजी. फाईल नाही, प्रमाणपत्र नाही, अर्जाला टाचणी. दाजींनी चौकशी केली नाही, पण चौकशी न करता त्यांना सगळं कळलं. दहावीला पोरीपेक्षा एक टक्का कमी. खेळात शून्य. "आपला विषय भक्कम आहे," दाजी म्हणाले, "पण इशारा पातळीवर आहे." सांगलीकरांना हे समजावून सांगायला नको. आयर्विन पुलाशी नदीचं पाणी ४० फुटांना पोचलं की इशारा आणि ४५ ला धोका. दाजींचा रक्तदाबही ताई याच मापात सांगते.

समिती बसली. प्राचार्य, गणिताच्या बाई आणि बार्शीहून परतलेला लेखनिक. दोन्ही मुलांना सांगितलं, शाळेत तुम्ही काय केलं ते एका पानात लिहा. मराठीत लिहिलं तरी चालेल. भाचीनं काय लिहिलं ते तिनं कुणाला सांगितलं नाही. नाव मुलाचं गेलं.

त्या संध्याकाळी सहा वाजून दहाला फोन आला. संध्याकाळी! मी दचकलो. दाजी 'विषय' म्हणाले नाहीत. नुसतं म्हणाले, "झालं ते झालं. पोरगी आत झोपलीय. तिची आई म्हणते, रडली. मी बघितलं नाही." मग जरा वेळानं, "परत आलेली फाईल म्हणजे नाकारलेली फाईल नव्हे, असं मी साइटवर सगळ्यांना सांगायचो. घरात सांगायला जमेना."

दुसऱ्या दिवशी दाजी शाळेत गेले, ते माहितीच्या अधिकारात अर्ज द्यायला. हे मला मागाहून कळलं. अर्ज तयार होता, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावलेला. प्राचार्यांनी अर्ज बाजूला ठेवला आणि त्यांना फाटकापाशी नेलं. तिथे भिंतीला एक जुना फळा टांगलेला. त्यावर खडूनं तारीख, वेळ, 'आयर्विन पूल', फूट, इंच. खाली एक बाण, वर किंवा खाली. त्याखाली नदीकाठच्या वस्त्यांची नावं आणि कुठल्या वस्तीतल्या मुलांनी कोणत्या तासाला घरी निघायचं ते. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा हा मुलगा लहान होता आणि त्याच्या घरात माळ्यापर्यंत पाणी होतं. सलग दोन पावसाळे तो सकाळी सायकलवरून पुलावर जायचा, मोजपट्टी वाचायचा आणि शाळा भरायच्या आत फळ्यावर लिहायचा. कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या पावसाळ्यात तर खडूही घरचाच.

दाजी फळ्यासमोर उभे राहिले. २८ वर्षं ज्यानं दुसरं काही वाचलं नाही त्याच्यापुढे ते आकडे. लेखनिक सांगतो, साहेब पाच मिनिटं हलले नाहीत, आम्हाला वाटलं बसतायत खाली. मग म्हणाले, "वाचन आठचं घेतो का सातचं?"

मुलाला बोलावलं. त्यानं वही आणली. दोनशे पानी, रेघा मारलेली.

"सातचं," मुलगा म्हणाला. "आठला घेतलं तर शाळेत उशीर होतो."

"खात्याचं वाचन आठचं असतं. तासात फरक पडतो." दाजी पानं उलटत होते. "ऑगस्टातली ही तारीख कोरी का?"

"ताप होता."

"मग तसा शेरा मारायचा. 'ताप असल्यामुळे नोंद घेता आली नाही.' कोरी जागा सोडायची नाही, कोरी जागा म्हणजे कुणी काहीही भरतं."

आणि पिशवीतून पेन काढून त्याच्या हातात दिलं.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज त्यांनी परत घेतला, पण दहाचा स्टॅम्प सोडवून पिशवीत ठेवला. वाया का घालवायचा.

पुढचे पंधरा दिवस मला सकाळी फोन येत होते, पण विषय परका होता. पाव्हणं, त्या पोराचं आडनाव पासपोर्टवर एका स्पेलिंगनं आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसऱ्या, काय करावं? पाव्हणं, त्या वहीतल्या नोंदींचा तक्ता करून जोडावा म्हणतो, तुमच्याकडे एक्सेल येणारं कुणी आहे का? मी विचारलं, "आणि आपल्या पोरीचं?" तर म्हणाले, "तिनंच तर त्याचा निबंध बघितलाय. मी 'उपरोक्त' घातलं होतं, तिनं काढलं." ती पुढच्या खोलीत त्याच्याशी निबंधावर भांडत असे आणि ताई दोघांना चहा नेऊन देई. तिच्यासाठी दाजींनी आणखी एक विद्यापीठ हुडकून ठेवलंय, व्हँकुव्हरचं. तिथेही एका शिष्यवृत्तीला शाळेचं नामांकनच लागतं. वेगळी फाईल, वेगळा रंग.

मुलाचा फॉर्म गेला त्या रात्री मी सांगलीतच होतो. साडेअकरा वाजलेले. वीज दोनदा गेली. दिवाणजी पायरीवर बसून होते, आत यायला तयार नव्हते. मुलानं शेवटचं बटण दाबलं, पडद्यावर पोच आली. दाजी म्हणाले, "थांब. हात लावू नकोस." आणि प्रिंटर सुरू केला. दोन प्रती काढल्या. एक मुलाच्या हातात दिली, दुसरीला पंच मारला, टॅग ओवला आणि काळ्या पिशवीत सरकवली.

"पप्पा, ती आपल्याला कशाला?" भाचीनं विचारलं.

"असू दे," दाजी म्हणाले. "कार्यालयीन प्रत."